स्टिकरवरचा पत्ता: एका काटेदुरुस्तीच्या वेबसाइटची पूर्वतयारी

तीन कोटेशनं टेबलावर होती. 18,000 रुपये, 65,000 रुपये आणि 1,90,000 रुपये. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, तिन्ही कागद एकाखाली एक लावले आणि म्हणाले, "एकच गोणी तीन काट्यांवर ठेवली आणि तीन वजनं आली, तर मी काटे उघडून बघतो. इथे काय उघडू?"

मी म्हटलं, "काका, गोणी अजून कुणी ठेवलेलीच नाहीये."

हे बोलणं वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या गाळ्यात झालं. काका नौपाड्यात आमच्याच इमारतीत राहतात आणि तीस वर्षांहून जास्त काळ वजनकाटे दुरुस्त करतायत. गाळ्यात ते, दोन कारागीर आणि नुकताच इंजिनिअर झालेला मुलगा. फोन आणि हिशेब काकूंकडे, तेही घरून. मी पोटापाण्यासाठी कंपन्यांचा मजकूर लिहिते, म्हणून "वेबसाइटला चार ओळी लिहून दे" एवढ्यासाठी मला बोलावलं होतं. त्या चार ओळींचं काम अडीच महिने चाललं. त्यातले पहिले पाच आठवडे कोटेशनवाल्या तिघांनाही थांबवून ठेवलं होतं, आणि हे टिपण मुख्यतः त्या पाच आठवड्यांचं आहे. धंद्याची ओळख पटेल असे तपशील मी गाळलेत.

काट्याचा धंदा

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दर बारा महिन्यांनी सरकारी पडताळणी आणि मुद्रांकन करून घ्यावं लागतं. बाजारात याला सरळ 'पासिंग' म्हणतात. पडताळणीचं प्रमाणपत्र दुकानात दर्शनी भागात लावायचं असतं. काटा दुरुस्त करताना सील तुटलं, तर वर्ष संपलेलं नसलं तरी पुन्हा पडताळणी करून घ्यावी लागते. वैध मापन शास्त्र अधिनियम, 2009 नुसार काटे बनवायला, दुरुस्त करायला आणि विकायला परवाना लागतो. काकांकडे दुरुस्तीचा परवाना आहे. विक्रीचा नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला.

गिऱ्हाईक म्हणाल तर जांभळी नाक्याचे किराणावाले, गोखले रोडचे सोनार, भिवंडीकडची गोदामं आणि वाशीच्या एपीएमसीतले व्यापारी. चौघांच्या काट्यांचं घराणं वेगळं. सोनाराचा काटा काचेच्या पेटीत बसतो आणि ग्रॅमच्या बारीक अंशांवर चालतो. गोदामाच्या प्लॅटफॉर्म काट्यावर माणसं गोणी आपटतात आणि मग लोडसेल, म्हणजे वजन ओळखणारा आतला भाग, गेला म्हणून फोन करतात.

आधीचा पत्ता

वेबसाइट हवी कशाला, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला. मुलगा म्हणाला, "ताई, आजकाल सगळ्यांची असते." काका म्हणाले, "याला हवी आहे." काकू चहा गाळत होत्या, त्यांनी खरं कारण सांगितलं. भिवंडीच्या एका मोठ्या गोदामवाल्यांनी वर्षभराच्या देखभालीचं काम देऊ केलं होतं. त्यांच्या खरेदी खात्याच्या फॉर्ममध्ये वेबसाइटचा रकाना होता. काकूंनी जुना पत्ता भरला. दोन दिवसांनी उत्तर आलं, पान उघडत नाही.

तो जुना पत्ता म्हणजे गूगलच्या नकाशावरच्या दुकानाच्या नोंदीबरोबर फुकट मिळालेलं एकपानी संकेतस्थळ. ही सोय मार्च 2024 मध्ये बंद झाली. जून 2024 पर्यंत जुना पत्ता टाकला की नकाशावरची नोंद उघडत होती, नंतर तेही थांबलं. काकांना यातलं काहीच कळलं नव्हतं, कारण सूचना ज्या ईमेलवर आल्या असतील तो कित्येक महिन्यांत कुणी उघडलाच नव्हता. आणि तोच पत्ता त्यांनी दुरुस्त केलेल्या प्रत्येक काट्याच्या मागे चिकटवलेल्या स्टिकरवर छापला होता. ठाण्यापासून तुर्भ्यापर्यंत दुकानादुकानांत तो मेलेला पत्ता अजून चिकटलेला आहे. फोन नंबरही शेजारीच होता म्हणून धंदा चालू राहिला, एवढंच.

फाडलेली यादी

मुलाने कोटेशन मागवताना जी यादी पाठवली होती ती अशी: फिरत्या चित्रांचं मुखपृष्ठ, ऑनलाइन दुकान, ब्लॉग, फोटो गॅलरी, ग्राहकांचे अभिप्राय, आपोआप उत्तर देणारा चॅट. खाली एक ओळ, "डिझाइन मॉडर्न पाहिजे." 18,000 वाल्याने यातली पाच पानं गृहीत धरली. 1,90,000 वाल्याने ऑनलाइन दुकान, पेमेंट, कुरिअरची जोडणी असं सगळं धरलं. 65,000 वाल्याने काय धरलं ते कागदावरून मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकाच्या आकड्यात 18 टक्के जीएसटी धरलेला, एकाचा वेगळा, आणि तिसऱ्याची जीएसटी नोंदणीच नव्हती. अशा आकड्यांची तुलना करून स्वस्त-महाग ठरवणं म्हणजे किलोची लिटरशी तुलना.

मधल्या कोटेशनसोबत मुखपृष्ठाचा नमुना आला होता. इंटरनेटवरून उचललेल्या सुंदर चित्रात एक चकचकीत काटा, आणि त्याच्या डिस्प्लेवर वजन पौंडात. काटेवाल्याच्या वेबसाइटवर पौंड! कारागीर आळीपाळीने येऊन बघून हसून गेले. काका मात्र चित्राखालच्या ओळीपाशी थांबले. 'ठाण्यातील शासनमान्य पासिंग केंद्र' असं लिहिलं होतं.

"अरे, शिक्का इन्स्पेक्टर मारतात," काका म्हणाले. "मी काटा दुरुस्त करून त्यांच्यापुढे ठेवतो. हे छापलं तर परवान्यावर गदा येईल माझ्या."

डिझायनरचा यात दोष नाही. त्याला मजकूर कुणी दिला नव्हता, मग त्याने स्वतःच्या अंदाजाने भरला. रिकामी जागा कुणीतरी भरणारच.

ऑनलाइन दुकानाचा निकाल त्याच संध्याकाळी लागला. मुलाचं म्हणणं, नवे काटे मागवून ऑनलाइन विकू, दुरुस्तीत काय पैसा आहे. काका म्हणाले, विक्रीचा परवाना कुठाय? मुलगा म्हणाला, काढू. काका म्हणाले, काढ आणि मग बोल. शिवाय सोनाराचा काटा कुरिअरने पाठवायचा तर तिथे जाऊन पुन्हा जुळवावा लागतो, कारण गुरुत्वाकर्षण सगळीकडे तंतोतंत सारखं नसतं. ठाण्यात जुळवलेला बारीक काटा महाबळेश्वरला नेला तर फरक दाखवेल. मला हे ऐकून गंमत वाटली, मुलाला नाही वाटली. तो अबोला इथला.

काकूंची वही

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. काकू आलेल्या प्रत्येक फोनची नोंद ठेवतात. लांब पानांच्या वहीत उभे रकाने आखलेले: तारीख, वेळ, नाव, गाव, काटा कुठला, तक्रार काय, कोण गेलं, पैसे. अशा वह्या कपाटात वर्षांवर्षांच्या आहेत. मी आदल्या दिवाळीपासूनची वही मागितली तेव्हा काकूंना कळेना. "वेबसाइट करायची ना? मग ही कशाला?"

आम्ही तीन संध्याकाळी जमिनीवर बसून ती वही वाचली. मी, काकू आणि थोडा नाराज मुलगा. प्रत्येक नोंदीसमोर रंगीत पेनाने खूण. हिरवी म्हणजे पासिंगबद्दल विचारणा, लाल म्हणजे काटा बिघडला, निळी म्हणजे 'किती घ्याल, कधी याल', काळी म्हणजे बाकी सगळं. तिसऱ्या संध्याकाळी पानं उलटली तेव्हा मोजायची गरजच नव्हती. हिरवं आणि लाल सगळीकडे, निळं त्यांच्या मागोमाग. नवा काटा विकत मिळेल का, असं विचारणारे बोटांवर मोजण्याइतके. तुमचा धंदा कधी सुरू झाला, तुमचं ध्येय काय, असं वर्षभरात एकानेही विचारलं नव्हतं. आणि मी तोवर 'आमच्याविषयी' या पानासाठी चांगला चारशे शब्दांचा मजकूर लिहून बसले होते, ज्यात 'विश्वास' हा शब्द तीनदा होता. तो मी गुपचूप बाजूला ठेवला.

लाल नोंदींपैकी बऱ्याच नोंदींत 'कोण गेलं' या रकान्यात नावाऐवजी 'फो. मि.' असं लिहिलेलं दिसलं. मी विचारलं, हा कोण कारागीर? काकू हसायला लागल्या. "फोनवर मिटलं!"

काकू काटा दुरुस्त करत नाहीत, पण इतकी वर्षं ऐकून त्यांना ठराविक प्रश्न पाठ झालेत. काटा नाचतोय? वरचा पंखा बंद करून बघा. मग काट्यावरची पाणसळ बघा, बुडबुडा गोलाच्या मधोमध आहे का? नसेल तर पाय फिरवून मध्ये आणा. झिरो येत नाही? पारडं रिकामं करून बंद करा आणि परत चालू करा, वजन ठेवून चालू केला असेल तर गोंधळतो. बाजूची गोणी पारड्याला टेकलीय का? अडॅप्टर घट्ट बसलाय का? एवढ्यात बरेच काटे ताळ्यावर येतात आणि कारागिराची भिवंडीची फेरी वाचते. नाहीच आले, तर काकू शेवटी एक गोष्ट हमखास सांगतात: "सील तुम्ही उघडू नका."

माझ्या मते पूर्ण वेबसाइट तिथे, त्या सात-आठ वाक्यांत तयार झाली होती. फक्त ती वहीत आणि काकूंच्या तोंडात होती. मी काकूंना म्हटलं, तुम्ही फोनवर जसं बोलता तसंच बोला, मी लिहून घेते. त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि 'कृपया खात्री करावी' वगैरे छापील भाषा वापरायला लागल्या. मग मी गिऱ्हाईक झाले, शेजारच्या खोलीतून फोन लावला आणि "अहो, काटा नाचतोय हो" म्हटलं. तेव्हा कुठे खरी वाक्यं बाहेर आली.

वहीतून आणखी दोन गोष्टी दिसल्या. एक, वेळ. एपीएमसीच्या भाजी मार्केटचा व्यवहार रात्री-पहाटेच चालतो, म्हणून तिथले फोन चार-साडेचारला यायचे. काकू उचलायच्या, कारण गिऱ्हाईक. साइटवर फोनची वेळ लिहायची की नाही यावर बरीच चर्चा झाली. शेवटी 'सकाळी 8 ते रात्री 8, एरवी व्हॉट्सॲपवर डिस्प्लेचा फोटो टाका, सकाळी पहिला फोन तुम्हाला' असं ठरलं. दुसरी गोष्ट, भाषा. मी मराठी आणि इंग्रजी धरून चालले होते. वहीत भिवंडीच्या गोदामांतले आणि मसाला मार्केटमधले बरेच जण हिंदीतून बोलले होते. इंग्रजीतून एकच वर्ग बोलत होता: खरेदी खातं, आणि तेसुद्धा ईमेलने.

कोण वाचणार

यातून वाचणारे दोनच उरले. एक, ज्याचा काटा आत्ता बंद पडलाय. पुढ्यात गिऱ्हाईकांची रांग, एका हातात फोन, आणि काट्यामागचा स्टिकर वाचायला तो मान वाकडी करून उभा आहे. दुसरा, गोदामाच्या ऑफिसात संगणकापुढे बसलेला खरेदी अधिकारी. त्याला परवाना क्रमांक, जीएसटी क्रमांक, कुठवर सेवा देता आणि गाळा खरंच अस्तित्वात आहे का, एवढं बघायचंय. पहिल्याला मराठी-हिंदी आणि मोठं 'फोन करा' बटण हवं. दुसऱ्याला इंग्रजीतलं एक स्वच्छ पान.

त्यावरून पानं ठरली ती पाचच. मुखपृष्ठ, म्हणजे खरं तर बंद पडलेल्या काट्याचं पान, काकूंच्या प्रश्नांसह. पासिंगचं पान: कधी लागतं, काय काय जवळ ठेवायचं, आम्ही त्यातलं काय करतो आणि इन्स्पेक्टर काय करतात. तिसरं, आम्ही कुठे येतो. इथे नुसतं 'ठाणे व नवी मुंबई' लिहून चालणार नव्हतं. कळवा-मुंब्रा कुठल्या वारी, भिवंडी कुठल्या वारी, ऐरोली ते वाशी कुठल्या वारी, आणि जोराच्या पावसात विटाव्याला पाणी भरलं तर उशीर होईल, हे सगळं लिहिलं. चौथं खरेदी खात्यासाठी. पाचवं पत्ता. वागळे इस्टेटचे रोड नंबर नव्या माणसाला कोड्यासारखे वाटतात, म्हणून नकाशाबरोबर गाळ्याच्या गेटचा आणि जिन्याचा फोटो.

बातम्यांचं पान मुलाला हवं होतं, बाजारात पासिंगची शिबिरं होतात त्यांच्या तारखा टाकायला. कल्पना चांगली आहे. मी विचारलं, तारीख बदलली तर कोण बदलेल? मुलगा म्हणाला, मी. काकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. पान गळालं. जुनी तारीख बघून एखादा व्यापारी काटा उचलून चुकीच्या दिवशी शिबिराला गेला, तर तो साइटला नाही, काकांना शिव्या घालणार.

नाव, स्टिकर आणि मालकी

आता पत्ता. मेलेल्या पत्त्याने पोळल्यामुळे काका इथे भलतेच सावध झाले होते. डॉट इन घ्यायचं हे लवकर ठरलं. देवनागरीतल्या डॉट भारतचाही विचार झाला, पण काटेवाल्याचा पत्ता निम्म्या वेळा फोनवरून सांगितला जातो आणि ऐकणारा रोमन अक्षरांत टाइप करतो. त्यामुळे नावाची परीक्षा आम्ही फोनवरच घेतली. मुलाने सुचवलेल्या नावात 'काटा' हा शब्द होता. काकूंनी तिघा ओळखीच्या दुकानदारांना फोन करून नाव सांगितलं आणि लिहून पाठवायला सांगितलं. तिघांनी तीन स्पेलिंगं पाठवली, एकात मध्ये 'एन' घातलेला. नाव बाद. दुसरं नाव तिघांनी सारखंच लिहिलं, ते घेतलं.

नाव विकत घेतलं ते काकांच्या स्वतःच्या नावाने, काकांच्या कार्डावरून, आणि ईमेल दिला तो जो काकू रोज उघडतात. याचं कारण त्याच रस्त्यावरच्या एका शेजाऱ्याची गोष्ट. त्यांच्या साइटचं नाव डिझायनरने स्वतःच्या खात्यात घेतलं होतं. पुढे त्याने ते काम सोडलं, नंबर बदलला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच ईमेलवर जात राहिल्या. नाव सुटलं आणि भलत्याच कुणीतरी उचललं. शेजारी आजही जुन्या व्हिजिटिंग कार्डांवर पेनाने काट मारून देतात. नाव एकदम अनेक वर्षांसाठी घेता येतं, दहापर्यंत. आम्ही पाच वर्षांचं घेतलं आणि काकूंनी शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली. पाच वर्षांनंतरची तारीख या वर्षीच्या कॅलेंडरवर! मी हसले तर म्हणाल्या, "दर वर्षी नव्यावर उतरवीन. परवान्याचीही अशीच उतरवते."

नव्या स्टिकरवर क्यूआर कोड टाकायचं मुलाने सुचवलं, आणि हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. फक्त एक फट होती. त्याने जिथून कोड बनवला तिथे कोड आधी त्या कंपनीच्या पत्त्यावर जायचा आणि मग आपल्या. वर्गणी संपली की वाट बंद. म्हणजे परत तोच मेलेला पत्ता, फक्त चौकटींत. मग स्वतःच्या पत्त्याचाच साधा कोड बनवला. तो कुणाच्या वर्गणीवर चालत नाही. स्टिकरवर मोठ्या अक्षरांत फोन नंबर ठेवला, कोड त्याच्या खाली.

मालकीचं अजून एक प्रकरण होतं, ज्याकडे माझ्यासकट सगळे दुर्लक्ष करतात. आपण पैसे मोजून बनवून घेतलेली वेबसाइट आपलीच, असं वाटतं ना? कॉपीराइट अधिनियम, 1957 प्रमाणे तुम्ही पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंची मालकी, वेगळा करार नसेल तर, तुमच्याकडे येते. पण बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतलेला मजकूर किंवा कोड यांना ते लागू नाही. तिथे पहिला मालक बनवणारा असतो, आणि हक्क तुमच्याकडे यायचा तर त्याने लेखी सही करून द्यावा लागतो. लेखी दिलं पण मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. म्हणून एका पानाच्या करारात आम्ही हे चार ओळींत लिहिलं, आणि मजकुराचा हक्क मी सही करून दिला. काकू म्हणाल्या, "तुझ्याकडूनही घ्यायचा?" घ्यायचाच.

फॉन्टची भानगड

हे मला आधी सुचायला हवं होतं. काकांचं जुनं माहितीपत्रक नौपाड्यातल्या एका डीटीपीवाल्याने वर्षांपूर्वी केलेलं, मराठीत, नीट. मुलाने त्यातला मजकूर उचलून डिझायनरला पाठवायचं ठरवलं. चिकटवला तर भलतीच चिन्हं उमटली, कारण तो युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे दुसऱ्या संगणकावर अक्षरं बदलून दिसणाऱ्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला. सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. दोन दुपारी त्यात गेल्या.

तेव्हाच मी डिझायनरांना द्यायच्या टिपणात लिहिलं, की देवनागरी फॉन्ट निवडताना मराठी ल आणि श मराठी वळणाचे दिसतात का ते बघायचं, आणि 'दुसऱ्या' लिहिल्यावर ऱ्य नीट जोडला जातो का तेही. मुक्तासारखे मोफत आणि चांगले फॉन्ट आहेत. नुसतं "मराठी चालेल असा फॉन्ट" म्हटलं की काहीही येतं. नंतर डिझायनरने नमुना पाठवला तेव्हा काकांनी पहिलं बोट 'ल'वरच ठेवलं. "हा हिंदी ल आहे." मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा कोटेशन

पाच आठवड्यांनी आमच्याकडे दोन पानांचं टिपण, पाचही पानांचा जवळजवळ पूर्ण मजकूर आणि फोटो तयार होते. फोटो एका फोटोग्राफरने अर्ध्या दिवसात काढले: प्रमाणित वजनांची पेटी, उघडलेला काटा, काकांचे हात, गाळ्याची पाटी. टिपणात काय हवंय याच्या खाली काय नकोय तेही लिहिलं: फिरती चित्रं नको, चॅट नको, ऑनलाइन दुकान आत्ता नको, पासिंग 'करून देतो' असं वाक्य कुठेही नको. साध्या फोनवर, मार्केटच्या आतल्या मंद नेटवर पान लवकर उघडलं पाहिजे. काकूंना स्वतः वार आणि वेळा बदलता आल्या पाहिजेत. पैसे तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता सगळे पासवर्ड हाती आल्यावर.

जुने तिघे आणि ऐरोलीत राहणारी एक डिझायनर, अशा चौघांना तेच टिपण दिलं. दोन लाखांजवळ गेलेल्यांनी नम्रपणे कळवलं की एवढं छोटं काम ते घेत नाहीत. बाकी तिघांचे आकडे, जीएसटी धरून, 42,000 ते 55,000 च्या मध्ये आले. 18,000 वाल्याचा आकडा वाढलाच होता; त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की आधी तो तयार साच्यात नाव बदलून देणार होता. काकांनी तिन्ही कागद पुन्हा एकाखाली एक लावले आणि मान डोलावली. "आता काटे जुळले."

काम ऐरोलीच्या डिझायनरला दिलं. ती सर्वांत स्वस्त नव्हती. तिने टिपण वाचून तीन प्रश्न विचारले, त्यातला एक असा होता: "स्टिकर काट्याच्या मागे का लावता? बाजूला लावला तर काटा न फिरवता वाचता येईल." तीस वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. मला वाटतं काकांनी निर्णय त्याच क्षणी घेतला, पैशांचं बोलणं नंतर झालं. दसरा-दिवाळीत सोनार आणि किराणावाले उसंत देत नाहीत हे वहीवरून दिसत होतं, म्हणून साइट गणपतीआधी सुरू करायची ही अटही तिने पाळली.

काय चुकलं

बरंच काही ठीक झालं, पण माझा एक आग्रह फुकट गेला. मी चौकशीचा फॉर्म ठेवायला लावला होता: नाव, फोन, गाव, तक्रार. तो कुणीच भरला नाही. लोक फोन करतात, नाहीतर डिस्प्लेचा फोटो पाठवतात. ज्याच्या पुढ्यात रांग आहे तो फॉर्म भरत बसेल हे मी कुठल्या आधारावर मानलं होतं, देव जाणे. वहीत तसं काहीच नव्हतं. दीड महिन्याने फॉर्म काढून टाकला. उगाच लोकांचे नंबर साठवून सांभाळायची जबाबदारीही गेली.

गोदामाचं काम मिळालं. ते वेबसाइटमुळे मिळालं असं मी म्हणणार नाही, रकाना भरला गेला एवढं खरं. मुलाने विक्रीच्या परवान्यासाठी अर्जाची तयारी सुरू केलीय आणि ऑनलाइन दुकानाचं टिपण तो स्वतः लिहितोय, आधी वही घेऊन. काकूंनी नव्या वहीत एक रकाना वाढवलाय, 'नंबर कुठून मिळाला'. त्यात अजूनही बहुतेक ठिकाणी 'स्टिकर' असंच लिहिलेलं असतं.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे बसले असताना मसाला मार्केटमधून फोन आला. काकूंनी सवयीने सुरुवात केली, "पंखा बंद करून..." पलीकडून माणूस मध्येच बोलला. स्पीकर चालू होता, मलाही ऐकू आलं: "पंखा बंद केला, मावशी. बुडबुडा मध्ये आहे. गोणी लांब आहे. सील नाही उघडलं. आता माणूस पाठवा."

काकूंनी वही ओढली आणि मुलाला हाक मारली.